स्वस्तातली हत्यारं आणि चामड्यावरचं कोरीवकाम: जमतं का खरंच?

अनवट_वाट
लोकहो, लेदर कार्व्हिंगचं खूळ डोक्यात शिरलंय. ओल्या चामड्यावर सुरीने रेघा कापायच्या आणि ठसे ठोकून फुलं-पानं उठवायची, तेच ते. ऑनलाइन मिळतो त्यातला सगळ्यात स्वस्त संच मागवला. एक स्विव्हल नाइफ (बोटांत दांडा फिरवत रेघ कापायची सुरी), मूठभर ठसे, एक लाकडी हातोडी. शिवाय 'जेन्युइन लेदर' असं लिहिलेले चामड्याचे तुकडे.

हाती काय आलं? सुरी चामडं कापत नाही, नांगरते. रेघेच्या दोन्ही काठांना कुसळं उभी राहतात. ठसा मारला की छान उमटतो, चहा पिऊन परत यावं तर निम्मा पुसलेला. जिथे उमटून राहतो तिथे ठशाच्या कडेने चामडं चक्क कापलं जातं.

चांगल्या बनावटीचे ठसे बघितले. तेवढ्या पैशात एकाच ठशाऐवजी मोबाइलचं वर्षभराचं रिचार्ज होईल. तर प्रश्न असा: आधी हत्यारांवर पैसे घालायचे, की आहे त्यातच निभतं? घरात 'हा उद्योग दिवाळीपर्यंत टिकतो का' यावर पैज लागली आहे, तेव्हा जरा लवकर सांगा.

शेपूची_भाजी
पैजेत मी पण आहे. गणपतीपर्यंतच.

हिरडा
अनवट, हत्यारं बाजूला ठेवा. आधी चामडं तपासा. 'जेन्युइन लेदर' एवढ्यावरून फक्त ते प्लास्टिक नाही इतकंच कळतं.

कातडं कमावण्याच्या मुख्य दोन तऱ्हा. एक क्रोमियमच्या क्षारांनी, ती झटपट होते. जगातलं बहुतेक चामडं आज असंच कमावलेलं असतं: जॅकेट, सोफा, पर्स, बुटाचा वरचा भाग. ते मऊ, लवचीक, पाण्याला फारशी दाद न देणारं. दाबलं की परत उसळतं. तुमचा ठसा पुसला गेला तो म्हणूनच. दुसरी तऱ्हा झाडाच्या साली-फळांतल्या टॅनिनची. बाभळीची साल, हिरडा, तरवडाची साल, वॉटल. हिला वेळ लागतो, चामडं ताठ आणि फिक्या बदामी रंगाचं होतं, पाणी पितं, आणि ओलं असताना दाबलं तर वाळल्यावर तसंच राहतं. कार्व्हिंग होतं ते याच्यावर. दुकानात 'व्हेज टॅन' म्हणून मागा.

पाण्याचा एक थेंब टाकून बघा. पटकन मुरून डाग गडद झाला तर व्हेज टॅन असण्याची शक्यता. थेंब मोत्यासारखा बसून राहिला तर क्रोम, नाहीतर वर फिनिश मारलेलं. मग कापलेली कड बघा. आतून निळसर-करडी दिसली की विषय संपला.

हत्यारांबद्दल माझं मत: पैसे घालायचेच असतील तर पहिले चामड्यावर घाला. संचातले बरेचसे ठसे असेही कधी वापरले जात नाहीत.

अनवट_वाट
थेंब बसून आहे. कड निळसर-करडी. म्हणजे आजवर सोफ्यावर नक्षी काढत होतो तर.

घारुअण्णा
हिरडा यांचं चामड्याबद्दल बरोबर. पण 'हत्यारं बाजूला ठेवा' हे पटलं नाही. स्वस्त स्विव्हल नाइफ म्हणजे शुद्ध फसवणूक. दांडा आणि वरचा कमानीसारखा भाग यांच्यात खेळ असतो, बेअरिंग खरखरतं, पातं ढिलं. वळणावर हात अडकला की रेघ गेली. आणि ही रेघ रबराने खोडता येत नाही. सुरी एकदाच चांगली घ्या, ठसे हवे तर स्वस्तातले चालवा. स्वस्त घेऊन रडण्यापेक्षा महाग घेऊन एकदाच रडावं.

सुतारपक्षी
अण्णा, अर्धं मान्य. खेळ असतो हे खरं. पण कुसळं उठतात ती बेअरिंगमुळे नाही, बोथट पात्यामुळे. मी लाकडात काम करतो, चामड्यात अधूनमधून. नवी पटाशी दुकानातून आणली की तशीच लाकडाला लावतो का आपण? आधी धार काढतो. स्विव्हल नाइफचं पातंही पटाशीच आहे, आकाराने छोटी एवढंच. स्वस्त पात्यावर घासकामाचे ओरखडे जसेच्या तसे असतात. ते ओरखडेच चामड्याला धरून ओढतात.

करायचं ते असं. काचेचा सपाट तुकडा घ्या, त्यावर वॉटरपेपर. ४०० नंबरने सुरुवात, मग १०००, मग २०००. पाण्याचे दोन थेंब. पात्याचा मूळ उतार आहे तो आहे तसा सपाट टेकवून घासा, कोन बदलू नका, दोन्ही बाजू सारख्या. ४००चे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत १०००वरून पुढे सरकायचं नाही. लोक घाई करतात ती इथेच. शेवटी जाड पुठ्ठ्यावर किंवा चामड्याच्या पट्टीवर बफिंगचा हिरवा साबण चोळून पातं मागे ओढत पॉलिश करायचं. पुढे ढकललंत तर पट्टी कापली जाईल. उतारात स्वतःचे दात दिसले पाहिजेत.

आणि ही पट्टी काम करतानाही हाताशी ठेवायची. ओढ जराशी जड वाटली की चार-पाच वेळा पट्टीवर फिरवायचं. महागडं पातंसुद्धा याशिवाय चालत नाही.

पातं ढिलं असेल तर दांड्यावरचा छोटा स्क्रू आवळा. कमान खरखरत असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब.

शेपूची_भाजी
स्वतःचे दात बघायला सुरी? आमच्याकडे आरसा आहे.

घारुअण्णा
सुतारपक्षी, इतकी मेहनत घेणारा माणूस असेल तर दगडानेही कोरेल. मी सामान्य माणसाबद्दल बोलत होतो.

तात्या_ऑस्टिन
इकडे टेक्सासात या छंदाचं माहेर म्हणायला हरकत नाही. काउबॉयच्या खोगिरांवर, पट्ट्यांवर जी फुलं दिसतात तीच ही कला. टँडीचं दुकान माझ्या घरापासून गाडीने थोड्या अंतरावर, त्यामुळे पगाराचा काही भाग परस्पर तिकडेच जातो. ही कंपनी फोर्ट वर्थची, १९१९ची. सुरुवात चांभारकामाच्या सामानापासून. आयटीवाल्यांसाठी फुकटची माहिती: १९६३ साली याच टँडीने रेडिओशॅक ही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची साखळी विकत घेतली, आणि टीआरएस-८० नावाचा जुना संगणक आठवत असेल तर त्यातला 'टी' म्हणजे हीच टँडी. चामड्यातून संगणकात!

मुद्द्यावर येतो. स्वस्त संचातल्या ठशांवर आकडे कोरलेले असतात, ते बहुतेक टँडीच्या क्राफ्टूल ठशांचे क्रमांक उतरवलेले. पहिलं अक्षर कामाचं. बी म्हणजे बेव्हलर (रेघेची एक बाजू दाबून उतार देणारा), पी पेअर शेडर (पाकळी-पानात खोलगट छटा देणारा), व्ही व्हेनर, सी कॅमोफ्लाज, एस सीडर, ए बॅकग्राउंडर (नक्षीमागची जागा दाबणारा), एक्स म्हणजे बास्केटवीव्ह आणि तत्सम भौमितिक. एवढं कळलं की त्या ढिगातलं काय उचलायचं ते कळतं. माझा सल्ला: एक बेव्हलर, एक पेअर शेडर, एक बॅकग्राउंडर. बाकीचे डब्यात.

जुने खोगीरवाले तर मोठ्या खिळ्यांची डोकी कानशीने घासून ठसे बनवत. वायोमिंगमधल्या शेरिडन गावाच्या नावाने जी शैली ओळखली जाते, लहान लहान फुलं आणि एकात एक गुंतलेल्या गोल वेली, ती घडवण्यात डॉन किंग या खोगीरकाराचा मोठा हात. मुष्टियुद्धवाला डॉन किंग वेगळा, केसांवरून गल्लत करू नका. शेरिडनचं काम जवळून बघितलं की कळतं, सगळी गंमत सुरीच्या रेघेत आहे. ठसे फक्त रेघेची री ओढतात.

म्हणून थोडा अण्णांच्या बाजूने, थोडा सुतारपक्ष्याच्या. सुरी महत्त्वाची, पण तिची किंमत नव्हे, धार.

लेझर_भाऊ
एवढं सगळं कशाला? माझ्याकडे डायोड लेझर आहे. डिझाइन टाकायचं, बटण दाबायचं, दहा मिनिटांत शेरिडन.

हिरडा
लेझर चामडं जाळतो. दाबत नाही. सपाट काळी रेघ मिळते, उठाव मिळत नाही. आणि हो, क्रोम चामडं लेझरखाली घालू नका, धूर विषारी होऊ शकतो. घरात तर नाहीच.

लेझर_भाऊ
ओके, धुराचं माहीत नव्हतं. पण ठशाच्या खालचं ड्रॉइंग लेझरने अगदी फिकं मारून घेतो, ट्रेसिंग वाचतं. ते तरी चालेल ना?

सुतारपक्षी
ते चालेल. मी पण रुसणार नाही.

रंकाळा
काय राव, चामड्याचा धागा आणि कोल्हापूरला कुणी बोलावलंच न्हाई! आमच्या गल्लीत हेच काम चालतं, तवा दोन शब्द.

हत्यारं म्हणाल तर बघा: रापी, आरी, हातोडी, एक दगड, आणि ठसे. झालं. आमच्या शेजारच्या काकांचे ठसे त्यांच्या वडिलांचे. डोकी ठोकून ठोकून चपटी झाल्यात, पण खालचं तोंड आरशासारखं. काका हप्त्यातनं एकदा ठशाची तोंडं पुसतात, तेल लावतात, फडक्यात गुंडाळतात. तुमच्या ठशानं चामडं कापतंय ना? ठशाच्या कडा धारदार राहिल्यात. स्वस्त ठसे साच्यातनं ओतून वर क्रोमचा मुलामा देतात, कडा कुणी मारत न्हाई. बारीक वॉटरपेपर बोटावर घेऊन कडा हलक्या हातानं गोल करा. मुलामा फार उडवू न्हका, आतला धातू मऊ असतो.

आणि ते चप्पलचं चामडं कार्व्हिंगला आणू न्हका. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावल्यालं खरं, पण तळाला म्हशीचं जाड, दाणा मोठा. ठसा बसतो झकास. बारीक रेघ मात्र दाण्यात हरवून जाती.

शेपूची_भाजी
रंकाळा, तुमच्या काकांना विचारा, त्या इटलीच्या फॅशनवाल्या प्राडाला ठसे उसने द्यायचेत का?

रंकाळा
प्राडानं २०२५ला मिलानमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला रॅम्पवर चढवल्या, काही दिवसांनी 'प्रेरणा भारतातल्या चपलांची' म्हणून कबूल केलं. काका म्हणाले, "कानवाल्या हाईत का?" मी म्हटलं न्हाईत. "मग आपल्या न्हाईत," म्हणून परत ठोकायला बसले.

तात्या_ऑस्टिन
काकांना साष्टांग.

सदाशिव_पेठी_नाही
भौगोलिक मानांकन २०१९ला मिळालंय ना कोल्हापुरी चपलांना? मग कुणी कसं वापरू शकतं? यावर जरा सविस्तर...

हिरडा
मानांकन नावाला असतं, चपलेच्या आकाराला नाही. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. सविस्तर बोलायचं तर वेगळा धागा काढा, मी येतो. इथे अनवट यांची दिवाळी जवळ येत चालली आहे.

अनवट_वाट
आभार सगळ्यांचे. व्हेज टॅनचा एक लहान तुकडा मिळवला आहे. थेंब टाकला, लगेच मुरला. पात्याला धार काढली, दात दिसले (शेपूताई, माझे). आता पुढचा प्रश्न. चामडं ओलं करायचं म्हणजे किती? व्हिडिओत एक जण स्पंज फिरवतो, दुसरा बुडवतो, तिसरा रात्रभर पिशवीत ठेवतो.

मंजिष्ठा
रत्नागिरीहून नमस्कार. तिघंही बरोबर, आणि तिघांच्याही हवेत फरक असणार. व्हिडिओतला माणूस ॲरिझोनात असेल तर त्याचं चामडं पंधरा मिनिटांत वाळेल. माझं जुलैत वाळतच नाही.

मिनिटांवर भरवसा ठेवू नका, रंगावर ठेवा. स्पंजने दोन्ही बाजूंनी सारखं पाणी द्या, गडद होईल. मग झाकून ठेवा, पाणी आतवर समान पसरू दे. उघडल्यावर वाट बघा. वरचा रंग जवळजवळ मूळचा होत आला, पण गालाला लावलं तर गार लागतं, ती वेळ. तेव्हा बेव्हलर मारला की दाबलेली जागा आपोआप तपकिरी होते. हा तपकिरी रंग आला म्हणजे ओल बरोबर. ठशाखालून पाणी पाझरलं तर फार ओलं, थांबा. ठसा फिका आणि उथळ उठला तर वाळलंय, वरून किंचित पाणी फिरवा. फक्त एका जागी थेंब टाकू नका, डाग राहतो.

रात्रभर ठेवायचं तर झिपच्या पिशवीत घालून फ्रीजमध्ये. बाहेर ठेवलं तर आमच्याकडे दोन दिवसांत बुरशी. माझं चामडं कोथिंबिरीच्या डब्याशेजारी असतं. सासूबाईंनी एकदा विचारलं, "हे कसलं धिरडं?" तेव्हापासून पिशवीवर नाव लिहिते.

एक फार महत्त्वाचं. लोखंड लांब ठेवा. ओल्या व्हेज टॅनला लोखंड लागलं की टॅनिनशी संयोग होऊन निळे-काळे ठिपके पडतात. लोखंडी कढईतलं पाणी नको, कानशीने तासलेल्या लोखंडाचा कीस टेबलावर नको, गंजका खिळा नको. प्लास्टिकचं किंवा स्टीलचं भांडं घ्या. ताजा डाग असेल तर लिंबाच्या रसाने बराच जातो, मग साध्या पाण्याने पुसून घ्या.

हिरडा
मंजिष्ठाताईंनी सांगितलेलं तेच रसायन उलट वापरलं की फुकट काळा रंग. व्हिनेगरमध्ये स्टीलवूल विरघळवायचं, गाळून चामड्याला लावायचं, टॅनिनमुळे चामडं आतपर्यंत काळं होतं. कलमकारीत हिरडा लावलेल्या कापडावर गूळ आणि लोखंडाच्या आंबवलेल्या पाण्याने काळी रेघ काढतात, तीही याच तत्त्वावर.

सुतारपक्ष्यांनी पातं आणि रंकाळांनी ठसे घासायला सांगितलंय, तेव्हा घासकामाची जागा आणि चामड्याची जागा वेगळी ठेवा. नाहीतर पुढचा प्रश्न 'माझ्या चामड्याला गोवर का झाला' असा येईल.

कुडाळकरीण
चामड्यावरून आठवलं. आमच्या पिंगुळीत ठाकर समाजाच्या चामड्याच्या बाहुल्या आहेत, पडद्यामागे दिवा लावून खेळ करतात. परशुराम गंगावणे यांना २०२१ला पद्मश्री मिळाली ते याच परंपरेतले. बाहुल्यांच्या अंगावरचे दागिने म्हणजे ओळीने पाडलेली बारीक भोकं, त्यातून उजेड येतो. ते कार्व्हिंग नाही हे मान्य. पण पातळ चामडं, साधं पंच, आणि काय नक्षी! कुडाळला आलात तर त्यांचं संग्रहालय नक्की बघा.

तात्या_ऑस्टिन
कुडाळकरीण, पुढच्या सुट्टीत नक्की.

निवांत_पुणे
ठोकायचं कशावर? मी ओट्यावर ठोकलं तर बायको माझ्यावर ठोकेल.

सुतारपक्षी
ग्रॅनाइट-मार्बलच्या दुकानात जा आणि सिंकचं भोक कापून निघालेला तुकडा मागा. ओट्याचे असे तुकडे मागे रचून ठेवलेले असतात, मालक बहुधा चहाच्या पैशात देतो. पॉलिश बाजू वर. कडप्पा नको, थर सुटतात. मार्बल चालेल. जेवढा जाड आणि जड तेवढं बरं. खाली रबरी चटई किंवा जुनी योगा मॅट. टेबलाच्या मधोमध ठोकू नका, पायाच्या बरोबर वर ठोका. दगड पक्का बसला की कमी जोरात ठसा खोल जातो. स्वस्त हत्यारांचा निकाल सगळ्यात जास्त सुधारतो तो या फुकटच्या दगडाने, हे माझं ठाम मत.

हातोडी लाकडी किंवा नायलॉनची. लोखंडी हातोडीने ठशाचं डोकं फुलतं आणि मुलामा उडतो. संचातली लाकडी हातोडी हलकी असते. धोपटायची मोगरी मिळाली तर तिचा तुकडा कापून घ्या.

रंकाळा
आमचे काका लोखंडी हातोडीनंच मारतात.

सुतारपक्षी
काकांचे ठसे पोलादाचे आहेत. आणि काका काका आहेत.

निवांत_पुणे
खालच्या मजल्यावरून निरोप आला, "रविवारी दुपारी खलबत्ता कोण कुटतंय?" पुरणाची तयारी म्हणून सांगितलंय. आता पुरणपोळी पोहोचवावी लागणार.

नवखी_२
माझ्याकडे जुनी रेक्झिनची बॅग आहे. त्यावर सराव केला तर?

हिरडा
नाही. रेक्झिन म्हणजे कापडावर प्लास्टिकचा थर. पाणी पीत नाही, ठसा धरत नाही. जुना चामडी पट्टाही सहसा नाही, कारण वर फिनिश असतं. सरावाला व्हेज टॅनची कातरण मागा, किलोवर मिळते. त्यात पोटाकडचे तुकडे जास्त असतात, ताणले जातात, पण सरावाला पुरेत.

जाडीचंही सांगून ठेवतो. परदेशी पानांवर जाडी औंसात असते. एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, साधारण ०.४ मिमी. सुरुवातीला ८ औंस, म्हणजे ३ मिमीच्या थोडं वर, असं घ्या. रेघ जाडीच्या एक तृतीयांश ते निम्मी खोल जाते. दीड मिमीच्या पाकिटाच्या चामड्यावर पहिल्या दिवशी जाल तर आरपार जाल.

घारुअण्णा
बघा, चामडं, दगड, साबण, वॉटरपेपर, नायलॉनची हातोडी. आता 'स्वस्त' छंदाचा हिशोब कुणीतरी मांडा. चांगल्या सुरीच्या किमतीच्या वर गेला असेल.

सुतारपक्षी
अण्णा, चांगली सुरी घेतली तरी हे सगळं लागतंच. ते त्या खात्यात का टाकता?

घारुअण्णा
बरं, दगड तुमचा. सुरी माझी.

अनवट_वाट
हजेरी लावतो. वर जे सांगितलंत ते बहुतेक सगळं केलं. सिंकचा तुकडा मिळाला, मालकाने पैसेच घेतले नाहीत, वर विचारलं की ओटा करायचाय का. ठशांच्या कडा मारल्या. गुलाबाचा नाद सोडून पैठणीच्या पदरावरची कोयरी घेतली: बाहेरची एक वळणदार रेघ, आत एक छोटी, देठाशी तीन ठिपके. बेव्हलर, पेअर शेडर आणि बॅकग्राउंडर, बस्स.

रेघ स्वच्छ आली. कुसळं नाहीत. तपकिरी रंग आला तेव्हा एकटाच हसलो. ठसा दुसऱ्या दिवशीही जागेवर. फोटो टाकलाय. आता निर्दयपणे सांगा. कोयरीच्या बाहेरच्या कडेला पायऱ्या पायऱ्या दिसतात, त्या कशाने?

मंजिष्ठा
अरे वा! वळण छान घेतलंय. पायऱ्या बेव्हलरच्या आहेत. तुम्ही ठसा उचलून, पुढे ठेवून, मारताय. बेव्हलर उचलायचा नाही, चालवायचा. जाड कड रेघेत टेकवून चामड्यावरून किंचित वर तरंगता धरायचा आणि हलके, भराभर ठोके मारत सरकवायचा. प्रत्येक ठोका आधीच्या निम्म्यावर पडला पाहिजे. एकदाच खोल मारण्यापेक्षा दोन फेऱ्या हलक्या. राहिलेल्या पायऱ्या चमच्याच्या दांड्याने चोळून घ्या, स्टीलचा, गुळगुळीत. मी चिवड्याचा जुना चमचा वापरते.

आणि नखं कापा. वरच्या डाव्या कोपऱ्यात चंद्रकोर उठली आहे, ती डिझाइनमधली वाटत नाही.

तात्या_ऑस्टिन
छान काम. फक्त टोकाकडे सुरी आडवी झालेली दिसते, त्यामुळे एक काठ तिरपा कापला गेलाय. सुरी पुढे-मागे झुकवा, डावी-उजवीकडे नाही. तर्जनी वरच्या कमानीवर, अंगठा आणि मधलं बोट दांडा फिरवतं, करंगळी चामड्यावर टेकलेली. वळणावर मनगट नाही, दांडा फिरवायचा. जमलं तर चामड्याचा तुकडाच फिरवा, दगड गुळगुळीत आहे, फुकट फिरतो. आणि चामड्याच्या मागे पॅकिंगची चिकटपट्टी लावा, ठोकून ताणलं जाणार नाही.

घारुअण्णा
फोटो मोठा करून बघितला. त्या सुरीने ही रेघ आली असेल तर मी गप्प बसतो. या कोयरीपुरता. पट्ट्यावर लांब वेल काढाल तेव्हा परत बोलू.

अनवट_वाट
अण्णा, पट्टाच करायचाय! कार्व्हिंग झाल्यावर तेल कुठलं? एरंडेल की खोबरेल?

रंकाळा
आमच्याकडं एरंडेल. लई थोडं, फडक्यानं. चामडं पूर्ण वाळल्यावर. जास्त लावलं तर ठसे मऊ पडून उठाव बसतो.

हिरडा
खोबरेल थंडीत गोठतं आणि पांढुरकं दिसतं, एरंडेल बरं. परदेशात नीट्सफूट ऑइल (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं तेल) वापरतात, तेही चालेल. आधी रंग, मग तेल, मग फिनिश. पट्ट्याला पाठीचा भाग घ्या, पोटाचा नको, वर्षभरात लांब होतो.

मी तमिळनाडूहून व्हेज टॅनची एक अख्खी बाजू, म्हणजे अर्धं कातडं, मागवतोय, एकट्याला जास्त होईल. कोणाला वाटणी हवी?

निवांत_पुणे
मला खांद्याकडचा. आणि ठोकायला कुणाचा तरी तळमजला.

मंजिष्ठा
मला पाठीची दोन फुटी पट्टी. पावसाळा संपल्यावर पाठवा.

अनवट_वाट
पट्ट्यापुरती पाठ माझी.

शेपूची_भाजी
पोटाचा भाग मला. पैज हरले, आता मलाही शिकावं लागणार. स्वस्त संचाची लिंक कुणी देईल का?

घारुअण्णा
नको!!